ट्रॅव्हल ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्युशन हिच लागते का? आधी काटा करा, मग ठरवा

मे महिना लागला की इथे अमेरिकेत मला एकच फोन वेगवेगळ्या आवाजांत येतो. "दादा, ट्रेलर ठरवलाय, सव्वीस फुटी. डीलर म्हणतोय वेट डिस्ट्रिब्युशन हिच घ्यावीच लागेल. खरंच लागते, की गळ्यात मारतोय?" मी विचारतो, "ट्रकचा पेलोड किती आहे?" पलीकडे शांतता. (नवख्यांसाठी: ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, हिच म्हणजे ते ट्रकला जोडणारा सांधा, आणि पेलोड म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकतो तो आकडा.)

आपल्या लोकांत दोन उत्तरं फिरतात. एक, "५,००० पौंडांच्या वर असेल तर घे." दुसरं, "ट्रक दणकट आहे ना, मग कशाला?" दोन्ही कधीकधी बरोबर निघतात, पण योगायोगाने. हिच लागते की नाही हे ठरतं ते तुमचा ट्रक, तुमचा भरलेला ट्रेलर आणि ट्रकचा पुढचा एक्सल यांच्या हिशोबावर. तो हिशोब एका शनिवारी होतो. खाली दिलेला क्रम मात्र बदलू नका. बहुतेकांची चूक आकड्यांत नसते, क्रमात असते: आधी हिच घेतात, मग वजन करतात.

आधी हे समजून घ्या: हिच काय करते, काय करत नाही

ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा ट्रकच्या मागच्या बॉलवर (ट्रेलर ज्यावर बसतो त्या लोखंडी गोळ्यावर) जो भार पडतो ते टंग वेट. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. गावाकडे बैलगाडी भरताना पाहिलं असेल, तर निराळं सांगायला नको. माल मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, म्हणून भरणारा थोडं वजन पुढे ठेवतो. ट्रेलरचंही तेच. फरक इतकाच की इथे उलाळ गाडी ताशी ६५ मैलांनी डुलायला लागते.

अडचण अशी की हे वजन ट्रकच्या मागच्या एक्सलच्याही मागे, चार-पाच फुटांवर पडतं. मागचा एक्सल टेकू होतो, ट्रकची पहार होते आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग तिथेच आणि ब्रेकचा मोठा वाटाही तिथलाच. पुढून किती वजन उचललं जाईल याचा अंदाज घरबसल्या येतो: टंग वेट गुणिले मागच्या एक्सलपासून बॉलपर्यंतचं अंतर, भागिले व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर. १४५ इंच व्हीलबेसच्या ट्रकवर, बॉल ६३ इंच मागे असताना, ८५० पौंड टंग वेट म्हणजे पुढच्या चाकांवरून सुमारे ३७० पौंड गेले. मागच्या चाकांवर ८५० नव्हे, १,२२० वाढले. लोक हा दुसरा आकडा विसरतात.

वेट डिस्ट्रिब्युशन हिचमधले दोन स्प्रिंग बार ताणले की ही पहार उलट्या दिशेने दाबली जाते. मागच्या एक्सलवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर जातो, थोडा ट्रेलरच्या चाकांवर. एवढंच तिचं काम. ती स्टिकरवरची पेलोडची मर्यादा वाढवत नाही, ओढण्याची मर्यादाही वाढवत नाही. डुलणं थांबवणं हे वेगळं काम आहे. काही हिचमध्ये त्याची सोय असते, काहींत नसते.

टप्पा १: चार आकडे लिहून काढा

वही घ्या. फोनवर फोटो काढून ठेवलेत तर ते नेमके काट्यावर सापडत नाहीत.

१. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं-पांढरं स्टिकर. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. हा पेलोड. इंटरनेटवरचा आकडा घेऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत सनरूफ आणि सीटांमुळे शेकड्यांनी फरक पडतो.

२. त्याच चौकटीवरच्या दुसऱ्या स्टिकरवर ट्रकचं कमाल एकूण वजन आणि पुढच्या-मागच्या एक्सलची वेगवेगळी मर्यादा असते. मागच्या एक्सलचा आकडा ठळक लिहा.

३. रिसीव्हरवरचं, म्हणजे ट्रकच्या मागे हिच जिथे बसते त्या चौकोनी नळीवरचं स्टिकर. त्यासाठी गुडघ्यावर बसून बंपरखाली बघावं लागतं. तिथे बहुधा दोन ओळी असतात: साध्या बॉलवर किती आणि वेट डिस्ट्रिब्युशन लावून किती.

४. ट्रेलरच्या बाहेर, डाव्या बाजूला पुढे चिकटवलेलं लेबल. त्यावरचं कमाल भरलेलं वजन घ्या. जाहिरातीतलं कोरडं वजन नको.

सावधान: पेलोडच्या आकड्यात ड्रायव्हर धरलेला नसतो. तुम्ही, बायको, मुलं, कुत्रा, सगळे त्यातूनच वजा होतात.

टप्पा २: ट्रेलर प्रवासाला निघतो तसा भरा

रिकाम्या ट्रेलरचं टंग वेट मोजून काहीच कळत नाही. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा बॅटरी आणि गॅसच्या टाक्यांशिवायचा असतो, आणि त्या दोन्ही नेमक्या ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर बसतात. २० पौंडी प्रोपेनची भरलेली टाकी सुमारे ३७ पौंडांची, म्हणजे दोन टाक्यांचे ७४. त्यात बॅटरीचे पन्नास-साठ. पाणी गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी ३३० च्या पुढे. टाकी एक्सलच्या पुढे असेल तर टंग वेट वाढतं, मागे असेल तर घटतं. ती कुठे आहे ते पलंगाखाली डोकावून बघाच.

आणि आपला स्वयंपाकाचा संसार! कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं, तांदळाची २० पौंडांची पिशवी, चार दिवसांसाठी डाळी आणि "असू दे" म्हणून घेतलेलं बरंच काही. हे सगळं पुढच्या कप्प्यात कोंबलं की टंग वेट शंभरने सहज चढतं. जड सामान एक्सलच्या वर, खाली जमिनीलगत ठेवा.

ही चूक कधीही करू नका: टंग वेट जास्त येतंय म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेणं. हिच वाचते, ट्रेलर उलाळ होतो. १० टक्क्यांच्या खाली गेलेला ट्रेलर लॉरीच्या एका झोतात डुलायला लागतो.

टप्पा ३: घरच्या घरी टंग वेट मोजा

खास काटे विकत मिळतात, पण बाथरूममधला काटा आणि चार फुटी भक्कम तुळई पुरते.

१. ट्रेलर सपाट, पक्क्या जमिनीवर, आडवा समतल. चाकांना दोन्ही बाजूंनी चॉक (अडसर). ट्रक सोडलेला.
२. तुळईचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्हीची उंची सारखी. टेकूपासून टेकूपर्यंत बरोबर चार फूट.
३. तुळईचं स्वतःचं वजन काट्यावर दिसेल. ते लिहून ठेवा.
४. विटेपासून एक फुटावर तुळईवर जाड पाइपचा तुकडा उभा करा. वर कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) येईल अशा बेताने जॅक हळूहळू खाली घ्या, जॅकचा पाय जमिनीवरून सुटेपर्यंत.
५. काट्याच्या आकड्यातून तुळईचा आकडा वजा करा आणि चारने गुणा.

तपासा: उत्तर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत बसतं का? नसेल तर टप्पा २ वर परत. हिचचा विचार अजून लांब आहे.

टप्पा ४: पेलोडचा हिशोब

इथे बहुतेकांचा चेहरा उतरतो. माझ्याच ट्रकचे आकडे घ्या. स्टिकरवर पेलोड १,६२० पौंड. आम्ही चौघे मिळून ५६०. मागच्या बॉक्समध्ये जनरेटर, कूलर, लाकडं मिळून २००. बॉक्सचं झाकण ६०. हिच स्वतः ९०, कारण ती लोखंडाची आहे आणि ट्रकवरच लटकते. टंग वेट ८५०, माहितीपत्रकात मात्र ६१०. बेरीज १,७६०. म्हणजे १४० जास्त.

"पण हिच लावली की थोडं वजन ट्रेलरवर जातं ना?" जातं, पण त्या भरवशावर बेरीज करू नका. बार सैल झाले, रस्त्याला खड्डा आला, की ते परत येतं. आम्ही बॉक्समधलं १६० पौंड सामान ट्रेलरमध्ये एक्सलच्या वर नेलं. टंग वेट जवळजवळ तेवढंच राहिलं आणि बेरीज १,६०० वर आली. शिल्लक २० पौंड, म्हणजे तांदळाची एक पिशवी. हा हिशोब जमलाच नसता, तर पुढचे टप्पे वाचण्यात अर्थ नव्हता. लहान ट्रेलर किंवा मोठा ट्रक, तिसरा रस्ता नाही.

टप्पा ५: मॅन्युअल आणि रिसीव्हर काय म्हणतात?

आता निम्मा निकाल कागदावरच लागतो.

गाडीच्या मॅन्युअलमधलं टोइंगचं प्रकरण काढा. तीन प्रकारचं वाक्य सापडेल. पहिलं: अमुक वजनाच्या वर ही हिच सक्तीची. टोयोटा टंड्राचं मॅन्युअल ५,००० पौंडांच्या वर ती मागतं. दुसरं: चालेल, हवी तर लावा. तिसरं: लावू नका. हो, काही एसयूव्हींमध्ये ती स्पष्ट मना असते, कारण त्यांच्या बॉडीला आणि रिसीव्हरला तो उलटा पीळ सोसण्यासाठी बनवलेलंच नसतं. तुमची गाडी त्यांत असेल, तर दुकानदाराने कितीही समजावलं तरी विषय संपला.

मग रिसीव्हर. फोर्ड एफ-१५० वर साध्या बॉलची मर्यादा ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग वेट अशी असते. त्यापुढे वेट डिस्ट्रिब्युशन. माझं ८५० आहे, म्हणजे माझा निकाल इथेच लागला होता. "११,००० पौंड ओढतो" असं जाहिरातीत लिहिलेल्या ट्रकचा साधा बॉल ५,००० लाच थांबतो, हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

उलट, पाऊण टन आणि एक टनी (ही जास्त दणकट ट्रकांच्या वर्गांची नावं) ट्रकांच्या रिसीव्हरवर साध्या बॉलचा आकडाच खूप मोठा असतो. तिथे ५,५०० पौंडांच्या ट्रेलरला हिच लागेलच असं नाही. ट्रेलर लांब असेल तर डुलणं रोखण्याची सोय हवी, ते वेगळं.

ट्रेलरचंही मॅन्युअल बघा. सर्ज ब्रेकचे ट्रेलर, म्हणजे ढकलले गेल्यावर आपोआप ब्रेक लागणारे, बहुतेक वेट डिस्ट्रिब्युशन हिचशी जुळत नाहीत. काही हलक्या ट्रेलरची दांडीही हा पीळ सोसत नाही. ट्रॅव्हल ट्रेलरना सहसा इलेक्ट्रिक ब्रेक असतात. ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर मात्र ट्रकमध्ये हवाच. हिच त्याची जागा घेत नाही.

टप्पा ६: टेप लावा

सपाट जागा, टाकी भरलेली, सामान ट्रकमध्ये. पुढच्या चाकाच्या मधोमध, जमिनीपासून मडगार्डच्या कमानीच्या काठापर्यंतची उंची मोजा. मग ट्रेलर साध्या बॉलवर जोडा आणि परत मोजा. समजा ३८ इंचांचे ३९ झाले. पुढची बाजू एक इंच उचलली गेली.

मागची बाजू किती बसली याकडे लोक टक लावून बघतात. ती डोळ्यांना दिसते म्हणून. निकाल पुढच्या आकड्यावर लागतो. म्हणूनच मागे एअरबॅग किंवा जादा स्प्रिंग टाकून ट्रक "सरळ दिसायला लागला" की काम झालं, हा गैरसमज घातक आहे. एअरबॅग मागचं अंग उचलते, पुढच्या चाकांवर वजन परत आणत नाही. ट्रक समतल दिसतो आणि स्टिअरिंग तेवढंच हलकं राहतं.

ट्रकला आपोआप उंची साधणारं सस्पेन्शन असेल तर मोजण्याआधी ते कोणत्या स्थितीत ठेवायचं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते न वाचता घेतलेला आकडा फेकून द्या.

टप्पा ७: काटा करा

लव्ह्ज, पायलट, फ्लाइंग जे अशा ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. ऊस कारखान्याच्या काट्यासारखाच, पण तीन तुकड्यांचा: पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. बटण दाबून कंपनीचं नाव विचारलं तर "प्रायव्हेट" सांगा. त्याच दिवशी परत केलेला काटा स्वस्त पडतो. मागे अठरा चाकी गाड्या थांबलेल्या असतात, म्हणून गर्दीची वेळ टाळा आणि जुळवाजुळव काट्यावर नको, पार्किंगमध्ये करा.

१. ट्रेलर साध्या बॉलवर जोडून. हिच आधीच असेल तर बार सोडून. (रिसीव्हरच्या मर्यादेबाहेर असाल तर हे अंतर हळू, जवळचं आणि काट्यापुरतंच ठेवा.)
२. ट्रेलर सोडून, नुसता ट्रक.
३. हिच असेल तर बार ताणून.

तिन्ही वेळा घरचे सगळे ट्रकमध्येच बसलेले हवेत. मुलं चिप्स आणायला उतरली की आकडे बिघडतात.

माझ्या पावत्या अशा होत्या. नुसता ट्रक: पुढे ३,१६०, मागे ३,०२०. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे २,८००, मागे ४,२४०, ट्रेलरवर ५,७००. ट्रकचं वजन ८६० ने वाढलं. हेच खरं टंग वेट, घरच्या तुळईपेक्षा दहाच पौंडांनी जास्त. पुढून ३६० गेले. मागच्या एक्सलची मर्यादा ४,०५०. म्हणजे पेलोड जेमतेम बसला तरी मागचा एक्सल १९० ने ओव्हरलोड. पेलोडची बेरीज करून थांबणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

बार ताणून: पुढे २,९८०, मागे ३,९४०, ट्रेलरवर ५,८२०. एकूण बेरीज तीच, १२,७४०. वजन कुठे गेलं नाही, फक्त सरकलं. १८० पुढे आले, १२० ट्रेलरवर गेले आणि मागचा एक्सल मर्यादेत आला.

टप्पा ८: निकाल

- मॅन्युअलने मना केली आहे: लावू नका. साध्या बॉलच्या मर्यादेत बसेल असा ट्रेलर शोधा.
- मॅन्युअल सक्तीची म्हणतं, किंवा साध्या बॉलची मर्यादा ओलांडली: लागते. चर्चा नाही.
- जोडल्यावर मागचा एक्सल मर्यादेबाहेर: लागते, किंवा वजन कमी करा.
- वरचं काहीच नाही, पण पुढचं अंग ठळक उचललं गेलं, स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री समोरचे लोक तुमच्यावर दिवे मारतात: लावा. दिवे मारतात कारण तुमचे हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जातात.
- यातलं काहीच नाही: पैसे वाचवा. ३,००० पौंडांचा छोटा ट्रेलर मोठ्या ट्रकमागे असेल तर ही हिच म्हणजे दर मुक्कामी हाताला ग्रीस.

"ट्रेलर गाडीच्या निम्म्या वजनाहून जड असेल तर लावा" असा एक ठोकताळाही ऐकाल. तो काटा करायला जाण्याचं कारण म्हणून ठीक आहे, निकाल म्हणून नाही.

टप्पा ९: लागतेच असं ठरलं, तर

बारची ताकद ट्रेलरच्या जाहिरातीवरून नव्हे, मोजलेल्या टंग वेटवरून निवडा. ट्रकमध्ये मागच्या एक्सलच्या मागे जे सामान असेल तेही त्यात मिळवा. इक्वलायझरसारख्या ब्रँडच्या हिच ६००/६,०००, १,०००/१०,०००, १,२००/१२,००० अशा जोड आकड्यांत येतात. पहिला टंग वेट, दुसरा ट्रेलर. माझं ८६०, म्हणून १,००० ची. "जादा असलेली बरी" म्हणून १,४०० ची घेतली असती तर बार वाकलेच नसते आणि प्रत्येक धक्का ट्रकच्या चौकटीत गेला असता. ६०० ची तर विचारातही नको.

डुलणं रोखण्याची सोय अंगभूत असलेली घेतलेली बरी. वेगळा घर्षणाचा दांडा लावणार असाल, तर रिव्हर्स घेताना आणि निसरड्या रस्त्यावर त्याचं काय करायचं ते त्याच्या पुस्तिकेत आधी वाचा.

आमची पहिली हिच दुकानाने रिकाम्या ट्रकवर, रिकाम्या ट्रेलरला बसवून दिली होती. ट्रेलरचं नाक वर, बार नावालाच ताणलेले. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर वारा सुटला आणि पुढचे ९० मैल मी ताशी ५० ने, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून काढले. बायकोने एक शब्दही काढला नाही, यावरून काय ते समजा. नंतर भरलेल्या स्थितीत सगळं परत बसवलं: ट्रेलर समतल किंवा नाक किंचित खाली, आणि पुढची उंची मॅन्युअल सांगेल तितकी परत. फोर्ड उचललेल्यापैकी निम्मी परत आणायला सांगते, म्हणजे ३९ वरून साडेअडतीस. काही कंपन्या पूर्ण परत मागतात. मूळ उंचीच्याही खाली नेऊ नका. मग मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर ट्रकचं शेपूट घसरतं.

जिवाची सावधानी: ताणलेला बार सोडताना तो कोयत्यासारखा उडतो. कपलर कुलूपबंद ठेवून जॅकने दांडी आणि ट्रकचं मागचं अंग एकत्र वर उचला, ताण गेल्यावरच बार काढा. तोंड आणि गुडघा त्याच्या रेषेत नको.

सावधान: पेट्रोल पंपाचा खोल उतार किंवा कॅम्पग्राउंडमधली चर तिरकी ओलांडायची असेल तर आधी बार सोडा. अशा वाकड्या जागी हिचवर येणारा ताण तिच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

पहिल्या ५० मैलांनंतर थांबा. बॉलचा नट, हिचचे बोल्ट आणि पिना बघा, टायरवर हात ठेवून एखादं जास्त तापलंय का ते पाहा. पुढच्या वर्षी सायकलींचा रॅक लावलात, लीड बॅटरीऐवजी लिथियम घेतली, किंवा मुलगा सहा इंचांनी वाढला, की वही काढून टप्पा ३ पासून पुन्हा. आमचा मुलगा वाढलाय. तांदळाची ती पिशवी आता ट्रेलरमध्येच जाते.